दुजाभाव

बाईंनी फळ्यावर ‘दुजाभाव’ असा शब्द लिहिला आणि हात झटकत त्या वर्गाकडे वळल्या. “म्हणजे एकाला जवळ घ्यायचं आणि दुसऱ्याला परकं करायचं. करा बरं वाक्यात उपयोग. मग वक्तृत्व स्पर्धेला कोण जाणार ते सांगते.”

भराभर हात वर गेले.

“बाई, आमची मांजर दुजाभाव करते. दादाच्याच अंथरुणात झोपते!” वर्ग खिदळला.

“आमचे बाबा दुजाभाव करतात. ताईला काही बोलत नाहीत, माझ्यावरच खेकसतात.”

“अरे, तुझे प्रतापच तसे!” मागून कुणीतरी टोमणा हाणला. बाईही हसल्या.

तिसऱ्या बाकावरचा हात मात्र खाली यायला तयार नव्हता. दुखायला लागला तसा तिनं दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला. ती बाईंचीच लेक. बाईंनी तो हात पाहिला आणि पलीकडच्या रांगेतल्या मुलाला उठवलं. वर्षभर हेच चाललं होतं. लेकीला प्रश्न विचारायचा नाही, शाबासकी द्यायची नाही. उगाच कुणी नावं ठेवायला नको.

शेवटी त्यांनी स्पर्धेसाठी नाव जाहीर केलं. पहिल्या बाकावरचा गुंड्या.

“मी?” गुंड्या उडालाच. तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवत म्हणाला, “बाई, काल निवडीच्या वेळी मी तर मधेच विसरलो होतो! हिनं अख्खं भाषण न अडखळता केलं.”

“आगाऊपणा नको. सांगितलं ना एकदा?”

आवाज नको तितका चढला. पोरगं खरं बोललं होतं, तेच त्यांना झोंबलं.

घंटा झाली तशी पोरं धूम पळाली. लेक तेवढी टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

“चुकलं गं माझं,” बाई हळूच म्हणाल्या. “पण तुला पाठवलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, बाईंनी आपल्याच लेकीला पुढं केलं. घरी गेल्यावर आपण दोघी मस्त...”

“घरी नको,” लेक म्हणाली. “शाळेत माझी आई होऊ नकोस, चालेल मला. पण बाई तरी हो ना माझी.”