जास्तीची वैदेही

मिहीर चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. दारात मामेबहीण वैदेही उभी होती, लग्नाचे फोटो न्यायला.

मिहीरची ख्यातीच तशी. विकतच्या सॉफ्टवेअरला तो शिवायचा नाही. भाजी निवडणं सोडलं तर घरातल्या झाडून साऱ्या कामांना त्याने स्वतःची स्क्रिप्ट लिहिलेली, आणि प्रत्येक स्क्रिप्ट कोडसकट जगाला फुकट वाटलेली. परवा लग्नाच्या फोटोंवर त्याने त्यातली सगळ्यात लाडकी सोडली: एकसारखे फोटो शोधायचे, एक ठेवायचा, बाकीचे कायमचे पुसायचे. आता वैदेही आणि मैथिली जुळ्या. दोघींच्या लग्नाला एकच मांडव, एकच शालू, एकच नथ. नावंसुद्धा एकाच सीतेची. स्क्रिप्टने मैथिली ठेवली.

“दादा, माझा एकटीचा एकही नाही?”

“सकाळपासून शोधतोय गं. फोटोग्राफरनेही त्याच्याकडचे काढून टाकलेत.”

वैदेही खुर्चीत टेकली. “लहानपणी बाबांनी रीळ वाचवायला एकीचाच फोटो काढला, आणि दोन प्रती करून दोघींची नावं घातली. भिंतीवर दोन्ही चौकटींत मैथिलीच आहे. म्हटलं, निदान लग्नाच्या फोटोंत तरी मी असेन.”

मिहीर वायर गुंडाळतच राहिला. वायरीचा पार पीळ झाला होता.

तिने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. “तुझा कोड सगळ्यांना उघडा असतो ना? मग दाखव, कुठल्या ओळीत मला जास्तीची ठरवलंस ते.”