वाक्यात उपयोग

"बाबा, 'गोदी'चा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचाय," मुलगी म्हणाली, तसा मुकादम खुलला. अठ्ठावीस वर्षं गोदीत काढली होती, पण घरात त्याच्या कामाबद्दल आज पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

"गोदी म्हणजे जहाजं बांधायची आणि दुरुस्त करायची जागा. लिही. दुरुस्तीला आलेलं जहाज आम्ही गोदीतलं पाणी उपसून लाकडी ठोकळ्यांवर बसवतो. ठोकळा टेकतो तेवढ्या जागी रंग लागत नाही. म्हणून पुढच्या खेपेला ठोकळे सरकवून मांडायचे. त्याच जागेवर पुन्हा भार येऊ द्यायचा नाही, नाहीतर तिथला पत्रा कुजतो. हेही लिही."

मुलगी भराभरा लिहीत होती. पलीकडच्या खाटेवर त्याची बायको अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर वळवत होती.

"आणि ठोकळे सरकवायचे राहिले तर?" तिने तिथूनच विचारलं.

"माझ्या हातून आजवर एकदाही राहिलेले नाहीत."

तिने कमरेवर हात दाबून पाठ सरळ केली.

"वर्ष तुम्ही, वर्ष थोरले भाऊजी, असं ठरलं होतं. आठ वर्षं झाली. आईंना त्यांच्याकडे कधी न्यायचं?"

सासूने डोळे मिटून घेतले. मुकादम मुलीच्या वहीवर वाकला.

"अर्थ पहिल्या ओळीतच आलाय," तो म्हणाला. "खालचं सगळं खोडून टाक."