दुमडलेलं टोक

मास्तरांचं घोडं चौथ्या स्लाइडवर अडलं होतं. पहिल्या तीन स्लाइड झकास उतरल्या होत्या. व्होल्टेज म्हणजे उंचावरची टाकी, करंट म्हणजे नळाचं पाणी, रेझिस्टन्स म्हणजे बारीक पाइप. आता पाळी अर्थिंगची होती. फिटर, वेल्डर आणि स्टोअरवाल्यांना जांभई न येऊ देता ते कसं सांगायचं, हे काही केल्या सुचत नव्हतं.

तसे ते मास्तर नव्हतेच, कारखान्याच्या मेंटेनन्समधले इलेक्ट्रिशियन होते. गेल्या महिन्यात एका फिटरला ड्रिलचा शॉक बसला, तो शिडीवरून खाली आला आणि थोडक्यात वाचला. तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. यांचा पाय नेमका त्याच सुमारास प्लास्टरमध्ये गेला होता. घरी बसलाच आहात तर सगळ्यांसाठी विजेचे प्राथमिक धडे तयार करा, असा हुकूम सुटला आणि कारखान्याने त्यांचं मास्तर असं बारसं केलं. ग्रुपवर एकाने तर येताना पाटी-पेन्सिल आणायची का, असंही विचारलं. मास्तर हसण्यावारी नेत होते, पण आतून धास्तावले होते. या मंडळींनी धडा हसण्यावारी नेला, तर पुढचा माणूस शिडीवरून पडून वाचेलच असं नव्हतं.

चौथ्या स्लाइडसाठी त्यांना फोटो हवा होता, अर्थिंगची हिरवी वायर न जोडता सोडून दिल्याचा. ग्रुपवर मागितला, तर एकजात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आमच्याकडे असले धंदे चालत नाहीत म्हणे.

तेवढ्यात बायको कपड्यांची बादली घेऊन मागच्या बाल्कनीकडे निघाली. दाराशी थांबून तिने पायांत रबरी चपला सरकवल्या आणि मगच वॉशिंग मशीनला हात लावला. मास्तर बघतच राहिले. या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल आणायची कुणाची छाती नव्हती. प्लास्टर बघायला आलेल्या साहेबांनाही तिने बूट बाहेर काढायला लावले होते. तुझ्या राज्यात हा कायदा कधी बदलला, असं मास्तरांनी चिडवलं.

"मशीनला हात लावला की मुंग्या येतात," ती म्हणाली. "चपला घातल्या की नाही येत."

"मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते की. थंडीने होतं म्हणालात."

मास्तरांना आठवलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हटलं होतं, तेही आठवलं.

त्यांनी आधी बायकोला प्लग काढायला सांगितला. मग कुबडीच्या आधाराने बाल्कनीत गेले आणि दोघांनी मिळून मशीन पुढे ओढलं. मशीनची वायर प्लगपर्यंत पुरत नव्हती, म्हणून मधे एक तुकडा जोडलेला होता. मशीनकडून तीन तारा येत होत्या आणि पुढे दोनच जात होत्या. तिसरी, हिरवी, मागे वळवून वर टेप गुंडाळला होता. टेपचं शेवटचं टोक नीट आत दुमडलेलं होतं.

हे दुमडलेलं टोक म्हणजे मास्तरांची सही. पुढच्या माणसाला टेप सोलायला सोपा जावा म्हणून ते कायम तसं करत. कारखान्यात कुठलाही जोड बघून लोक सांगत, हा यांचा. इथे राहायला आले त्या दिवशी हाताशी दोन तारांचाच तुकडा होता आणि दुकान बंद झालं होतं. उद्या बदलू म्हणाले. मशीन सुरू झालं, आणि तो उद्या तसाच राहून गेला.

मास्तर खाली फरशीवरच बसले. त्यांना लाज वाटली, पण त्याआधी भीती वाटली. बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं. मशीनच्या पत्र्यावर थोडी वीज उतरत होती. हिरवी वायर जोडलेली असती तर ती परस्पर जमिनीत गेली असती. आतलं काही बिघडलं असतं, तर नुसत्या मुंग्यांवर निभावलं नसतं.

तिने कपड्यांची बादली बाजूला सरकवली. मग आत जाऊन त्यांचा फोन घेऊन आली.

"घ्या, तुमचा फोटो मिळाला. ते टोक तेवढं सरळ करा आधी, नाहीतर सगळे ओळखतील."

मास्तरांनी टोकाला नख लावलं. तिचं म्हणणं खरंच होतं. मास्तरांच्याच घरचा जोड पडद्यावर दिसला, तर असा हशा पिकेल की त्यानंतर त्यांचं कोण ऐकणार? त्यांनी मान वळवली, तर दाराशी चपलांचा आणखी एक जोड दिसला. लाल, तळहाताएवढा, मागे पट्टा असलेला.

"या कशाला?"

"तिला मशीनचं बटण दाबायचं असतं ना रोज. मग तिलाही आणल्या." लेक अजून शाळेतून यायची होती.

मास्तरांनी नख काढून घेतलं. टोक दिसेल असा फोटो काढला. मग दाराशी सरकून आणखी एक काढला.

बायकोने दुकानातून तीन तारांची वायर आणली. मास्तरांनी बसल्या जागी जुना जोड उकलून नवी वायर बसवली, मीटर लावून दोनदा खात्री केली आणि मगच ते लॅपटॉपकडे वळले. बायको चहा घेऊन आली तेव्हा धडा तयार होता. हिरवी वायर आता पाचव्या स्लाइडवर होती, दुमडलेल्या टोकासकट. टाकीची स्लाइड दुसरी झाली होती आणि पहिल्या स्लाइडवर एकही अक्षर नव्हतं, नुसत्या लाल चपला होत्या.

"यात वीज कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"हाच धड्यातला पहिला प्रश्न," मास्तर म्हणाले.