मध्ययुगाचे दालन

संग्रहालयात ‘स्त्री : काल आणि आज’ हे प्रदर्शन मांडले होते. डावीकडे जाड पडदा, गादी आणि लोड असलेले मध्ययुगीन अंतःपुर होते, तर उजवीकडे संगणक आणि फिरती खुर्ची असलेले आजचे कार्यालय. दोन्ही दालने समजावून सांगणारी मार्गदर्शिका बाळंतपणाची रजा संपवून त्याच आठवड्यात कामावर रुजू झाली होती.

दुपारी सासूबाई नातीला घेऊन आल्या, तेव्हा पोरीने भुकेने आकांत मांडला होता. तिला पाजायला आडोसा शोधत मार्गदर्शिकेने सारी इमारत पालथी घातली. पण जिन्याखालच्या खोलीत रंगाचे डबे रचलेले, आणि कचेरीत पुरुषमंडळी जेवायला बसलेली.

“अगं, समोर एवढी छान जागा असताना वणवण कशाला?” म्हणत सासूबाईंनी तिला थेट अंतःपुरात ढकलले आणि पडदा ओढून घेतला.

“आई, नोकरी जाईल हो माझी!”

“पोरीचं पोट भरू दे, मग नोकरीचं बघू. टेक आधी लोडाला.”

थोड्याच वेळात पाहुण्यांचा घोळका घेऊन संचालक पडद्यासमोर येऊन उभे राहिले. भाषणाच्या भरात त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. “कल्पना करा, त्या काळी बाईला स्वतःचं मूल पाजायचं असलं, तरी पडद्याआड लपावं लागे! आणि आजची स्त्री? कुठे पोचलीय बघा!”

पडदा किंचित सरकला आणि सासूबाईंनी डोके बाहेर काढले.



“इथवर पोचलीय, साहेब. जरा हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय पोरीचा.”