विमानाची वही

पन्नास सीटचं जुनं पंख्याचं विमान नवा रंग लावून हँगरमध्ये उभं होतं आणि ते विकायला निघालेला दलाल नाक मुरडत होता. घेणाऱ्या कंपनीने तपासणीला पाठवावं कुणाला, तर एका म्हाताऱ्या मेकॅनिकला! मळका डगला, नखांत काळं, बोलणं दोन शब्दांपुढे जात नाही. या ध्यानाला काय कळणार, म्हणून दलालाने त्याला साधा चहासुद्धा विचारला नव्हता.

म्हातारा तासभर इंजिनात हात घालून आला आणि टेबलावरच्या जाडजूड वहीकडे वळला.

"अहो, हात पुसा आधी!" दलाल खेकसला. "बारा वर्षांची प्रत्येक दुरुस्ती आहे त्यात, मेकॅनिकच्या सहीसकट. तुमच्या गॅरेजचं चिठोरं नव्हे ते."

म्हाताऱ्याने निमूटपणे हात चोळून चोळून पुसले. मग सावकाश, एकेक पान उलटत तो शेवटपर्यंत गेला. तेवढ्यात दलालाच्या दोन जांभया देऊन झाल्या.

"काही डोक्यात शिरलं का?"

म्हाताऱ्याने वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली. इतके हात पुसूनही पानाच्या कोपऱ्यात एक काळा अंगठा उमटला होता.

"माफ करा साहेब, वही खराब केली," तो म्हणाला. "बारा वर्षं इंजिनं खोलून त्याच हातांनी मेकॅनिक इथे सह्या करत होते म्हणता, आणि तेलाचा पहिला डाग माझा."