शुभ पाऊल, दोन तासांवर

"अहो, आत पाऊल टाकाल तर खबरदार!" न्यानने आतून कडी घातली.

खिएम फाटकाबाहेर उभाच राहिला. टॅक्सी दिसते का ते पाहायला तो गल्लीत काय आला, स्वतःच्याच घराला पारखा झाला. आज तेत, नव्या वर्षाचा पहिला दिवस. आज उंबरा जो पहिल्यांदा ओलांडेल, त्याच्यासारखं त्या घराचं वर्ष जातं. गेल्या वर्षी खिएमचं फरश्यांचं दुकान बुडता बुडता राहिलं होतं. यंदाही पाऊल चुकलं तर दुकानाला टाळंच लागणार, अशी नवराबायकोची खात्री होती.

"अगं, मी घरचाच माणूस ना!"

"तुमचं जन्मसाल डुकराचं आणि हे वर्ष सापाचं. हाडवैर! विन्हभावजी आले की त्यांच्या मागून या."

विन्ह म्हणजे सायगॉनचा आतेभाऊ. सापाच्या वर्षाशी जुळणाऱ्या रेड्याच्या सालात जन्मलेला, हात लावेल त्याचं सोनं करणारा. खिएमने त्याला विमानाचं तिकीट पाठवलं होतं आणि आठवडाभर चहाच्या टपरीवर एकच टिमकी वाजवली होती, "सायगॉन ते हनोई अंतर ते काय हो! हवेतून साडेअकराशे किलोमीटर. दोन तासांत माणूस दारात!" गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, थोआताईला मात्र त्याने निरोप धाडला होता, की इकडे फिरकूही नकोस. तिचा नवरा पावसाळ्यात वारला होता. दुखवट्यातली बाई तेतला कुणाला दारात हवी असते?

फोन वाजला. विन्ह होता.

"दादा, विमान अगदी वेळेवर उतरलं हं! पण शेजारच्या खुर्चीवर एक भले गृहस्थ भेटले. त्यांची मिठाईची फॅक्टरी आहे. म्हणाले, बुडत्या घरी पहिलं पाऊल टाकलंत तर तुमचंच नशीब तिकडे राहील. मला थेट स्वतःच्या घरीच घेऊन आलेत बघ. तुझ्या तिकिटाचे उपकार मात्र विसरणार नाही."

खिएमने दार ठोठावलं. न्यानने उघडलं नाही. वरून भुरभुर सुरू झाली, अंगात हुडहुडी भरली. सगळ्या गल्लीत एकच दार सताड उघडं होतं.

त्या दाराशी जाऊन तो घुटमळला. आपली आपल्यालाच लाज वाटत होती.

"ताई, सकाळपासून कुणी आलं का गं?"

"कोण येणार? ये आत. पार भिजलास की."

"माझं पाऊल पहिलं पडेल. वर्ष वाया जाईल तुझं."

पानात उकडलेला चिकट भात कापत ताईने त्याच्याकडे पाहिलं.

"गेल्या तेतला ह्यांनीही गुपचूप सायगॉनला तिकीट धाडलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे पहिलं पाऊल विन्हचंच पडलं होतं."