पडद्यामागची खुर्ची

आंदोलकांनी सेनगावचा रस्ता अडवला, त्याच दिवशी माझी लेक पुनम आमच्याच सालगड्याशी लग्न करून आली आणि ह्यांनी दार लावून घेतलं. तीन वर्षांनी गावातल्या पोरांनी त्यावरच सिनेमा काढला आणि शाळेपुढं पडदा बांधून दाखवला. आमच्याकडं शेतमालक पडद्यापुढं बसतात, मजूर पडद्यामागं. त्यांना चित्र उलटं दिसतं. पुनम नवऱ्यासोबत तिकडंच होती. सिनेमातल्या बापानं दार लावलं तसं सगळं गाव ह्यांच्याकडं वळलं. हे उठले, खुर्ची उचलून पडद्यामागं गेले. आता जावयाच्या डोक्यात घालतात म्हणून मी धावले. जाऊन बघते तर खुर्चीत पुनम होती, आणि हे जावयाशेजारी मातीत मांडी घालून सिनेमातल्या पोरीच्या घराएवढ्या चेहऱ्याकडं थक्क होऊन बघत होते. “मालक, इकडून समदं उलटं दिसतं,” जावई घाबरत म्हणाला. “व्हय. पण पोरगी रडून राहिली, ते इकडूनबी बराबर दिसतंय.”